वाऱ्यावर सोडणार नाही

टीव्हीवर साहेबांचं भाषण सुरू झालं की पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा गोल उघडायचा, आणि त्या गोलात गडद निळ्या कपड्यांतली एक बाई हात हलवताना दिसायची. ज्यांना ऐकू येतं त्यांच्या लेखी ती असून नसल्यासारखीच होती. स्टुडिओत तिला सगळे 'हातवाल्या बाई' म्हणत. घरात ती ताई. आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यात तिचं नाव म्हणजे एक खूण होती. हनुवटीवर बोट टेकवायचं, झालं. तिथे तिला तीळ होता.

खुणांची भाषा ती शिकली धाकट्या भावामुळे. तो जन्मापासून बहिरा. लहानपणी त्याला शाळेत सोडायला ती जायची आणि त्याचा वर्ग सुटेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहायची. त्यातच शिकली, त्याच्याहून लवकर शिकली. पुढे त्याच शाळेत शिकवायला लागली. वडील गेले, आई थकली, दोघा भावंडांची लग्नं कशी कोण जाणे राहून गेली. साहेबांचं दर आठवड्याचं भाषण बहिऱ्यांनाही कळावं असं सरकारला वाटलं तेव्हा शाळेने तिचं नाव पुढे केलं. तात्पुरतं म्हणून गेली आणि तिथलीच झाली.

काम दिसायला सोपं होतं. बांगड्या नकोत, अंगठी नको, नखांना रंग नको. जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारलेली असायची, तिच्यावर उभं राहायचं. समोर कॅमेरा आणि डोळ्यांत घुसणारे दिवे. साहेब तिला दिसतही नसत. ते पलीकडच्या खोलीत, टेबलामागे. त्यांचा आवाज फक्त तिच्या कानातल्या बटणातून यायचा.

आवाज मात्र कसा होता! साहेब बोलायला लागले की कुणीतरी आपल्या पाठीवरून हात फिरवतंय असं वाटायचं. भाषण संपल्यावर ते नेमकं काय म्हणाले हे सांगता यायचं नाही, पण बरं वाटलेलं असायचं. तिची पंचाईत इथेच व्हायची. खुणांनी बोलायचं तर माणसं हवेत उभी करावी लागतात. हा इथे, तो तिथे, आणि मग ह्याने त्याला काय केलं ते दाखवायचं. 'निर्णय घेण्यात आला आहे' असं वाक्य कानात पडलं की तिचे हात क्षणभर अडायचे. कुणी घेतला? वाक्यात तर कुणीच नाही. मग ती तिथे साहेबांनाच उभं करायची. साहेबांनी ठरवलं. 'मदत पोहोचवण्यात येईल' म्हटलं की साहेब स्वतः मदत घेऊन निघायचे. त्यामुळे कोपऱ्यातल्या त्या गोलातले साहेब मधल्या साहेबांपेक्षा बरेच सरळ होते. बोलले की करणारे.

नुसत्या हातांनी भागत नसे. चेहराही द्यावा लागायचा. साहेब कळवळून बोलले की तिला कळवळावं लागायचं. घरी परतेपर्यंत तिचे गाल दुखायला लागलेले असायचे. जेवण होईस्तोवर ती कुणाशी बोलायची नाही. आई म्हणायची, "दिवसभर दुसऱ्याचं तोंड चालवून आलीस, आता स्वतःचं जरा मिटून बस."

धाकटा सरकारी छापखान्यात बांधणी खात्यात होता. छापून आलेले मोठे कागद, म्हणजे फर्मे, दुमडायचे, क्रमाने जुळवायचे, शिवायचे, पाठीला खळ लावायची. तिथे यंत्रांचा एवढा खडखडाट की ऐकू येणाऱ्यांनाही कानांचा उपयोग नव्हता, म्हणून फार पूर्वीपासून बहिऱ्यांना तिथे कामावर घेत. धाकट्यासारखे दहा-बारा जण होते. त्यांच्या खुणा बाकीच्यांनीही उचलल्या होत्या. चहा, साहेब आला, कागद संपला, घरी जा. एवढ्यावर सगळं खातं वर्षानुवर्षं चाललं होतं.

एका संध्याकाळी साहेबांच्या भाषणात तो छापखाना आला.

"मुद्रणालयाचं आधुनिकीकरण करण्यात येणार असून," कानातला आवाज म्हणाला, "मी आज शब्द देतो, एकाही कामगाराला वाऱ्यावर सोडलं जाणार नाही."

वारा दाखवायचा, त्यावर माणूस सोडायचा, आणि मग नाही म्हणायचं? बघणाऱ्याला काय कळणार? काहीतरी उडून गेलं एवढंच. विचार करायला वेळ नव्हता, पुढचं वाक्य सुरू झालं होतं. शिवाय तिला आनंद झाला होता, भावाचा छापखाना होता तो. तिने कामगार उभे केले, दोन्ही हात पसरून ते सगळे गोळा केले आणि छातीशी घट्ट धरले. साहेब तुम्हाला धरून ठेवतील. चेहऱ्यावर जे आलं ते आणावं लागलं नाही, आपोआप आलं.

घरी धाकटा जागाच होता. त्याने ती खूण तिला करून दाखवली, छातीशी धरल्याची, आणि हसला. आईने विचारलं, "काय म्हणतोय?"

"नोकरी पक्की, म्हणतोय."

आईने तिचं ताट वाढायला घेतलं. तिने भाषण कानांनी ऐकलं होतं.

छापखान्यात ज्यांना ऐकू येत होतं त्यांनी मात्र त्या वाक्याचा अर्थ वेगळा घेतला. बसचा कारखाना बंद झाला त्याच्या आधीही हेच शब्द त्यांनी ऐकले होते. बांधणी खात्याचा म्हातारा मुकादम दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "वाऱ्यावर सोडणार नाही म्हणाले ना? मग समजा, वारा सुटला." आठवड्याच्या आत फाटकाशी सतरंज्या पडल्या आणि माणसं धरणं धरून बसली. मुकादम धाकट्याला बोलवायला गेला. हाताने ये म्हणाला, बस म्हणाला. धाकट्याने मान हलवली. कशाला बसायचं? साहेबांनी धरून ठेवीन म्हणून सांगितलंय, आम्ही पाहिलंय. बाकीचे बहिरे त्याच्याकडे बघून ठरवायचे, कारण ती बाई त्याची बहीण. मुकादमाने दोन-तीनदा प्रयत्न केला. पण चहा, कागद आणि घरी जा एवढ्या खुणांत राजकारण बसत नव्हतं. शेवटी तो कंटाळून निघून गेला.

ताईला यातलं काही ठाऊक नव्हतं. सभागृहाचं अधिवेशन सुरू होतं, तिथल्याही खुणा तीच करायची, सकाळी जायची ती अंधार पडल्यावर यायची. धाकट्याने तिला विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही.

फाटकाशी बसलेल्यांना सरकारने शेवटी चर्चेला बोलावलं. कुणाला कचेरीत, कुणाला गोदामात, कुणाला पाणीखात्यात, असं करत जवळजवळ सगळ्यांना सामावून घेतलं. जे बसलेच नव्हते त्यांचा विषय निघाला नाही. मग फळ्यावर नोटीस लागली. उर्वरित कामगारांची सेवा समाप्त करण्यात येत आहे.

त्या दिवशी ताई घरी आली तेव्हा धाकटा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता. आईने भांडी तशीच टाकली होती. धरण्याचं आणि नोटिशीचं आईने तिला दारातच सांगितलं होतं. धाकट्याने फक्त ती खूण केली. हात पसरले, गोळा केले, छातीशी धरले. मग हात उघडून खाली सोडून दिले.

"ते तसं म्हणाले होते," ती हातांनी म्हणाली. "मी त्यांचं सांगितलं."

"त्यांचं तोंड मला कळत नाही," तो म्हणाला. "मी तुझ्याकडे बघत होतो."

"मला वाटलं ते खरंच..."

"आईला माहीत होतं. मुकादमाला माहीत होतं. ऐकणाऱ्या सगळ्यांना माहीत होतं. मग आम्हालाच का वेगळं सांगितलंस?"

तो उत्तरासाठी थांबला नाही, आत जाऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी ती प्रसिद्धी अधिकाऱ्याकडे गेली. साहेबांची भाषणं तोच लिहायचा. सज्जन माणूस, डोळ्यांखाली कायम काळं. त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"बाई, साहेब काय म्हणाले? वाऱ्यावर सोडलं जाणार नाही. आता त्या लोकांसाठी प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे नावं घ्यायला सांगितलंय. म्हणजे वाऱ्यावर सोडलं असं नाही म्हणता येत."

"मी 'धरून ठेवतील' असं दाखवलं होतं."

"ते तुमचं झालं. आमच्या मजकुरात ते नाही."

"मजकुरात काहीच नसतं, म्हणून मला घालावं लागतं."

तो जरा हसला, पण वाईट हसला नाही. "काही नसणं सोपं वाटतं का तुम्हाला? 'करीन' लिहिलं की दुसऱ्या दिवशी लोक विचारायला येतात, केलंत का? 'करण्यात येईल' लिहिलं की विचारायचं कुणाला तेच कळत नाही. हे शिकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तुम्ही मात्र त्यात माणूस घालता, जीव ओतता. लोकांना ते आवडतं. ऐकू येणारेसुद्धा तुमच्या हातांकडे बघत असतात, आम्ही चौकशी केलीय. बाई दिसली की साहेबांवर विश्वास बसतो म्हणतात."

चहा आला होता. तिने तो प्यायला, कारण समोर ठेवला होता. भावाच्या नोकरीचं काही होईल का, एवढं विचारून ती उठली. "बघतो," तो म्हणाला. हा शब्द तिला खुणांत कसा दाखवायचा ते आता नीट माहीत होतं.

त्यानंतरच्या भाषणांत ती साहेबांना हवेत उभं करीनाशी झाली. धाडस वगैरे नव्हतं त्यात. नसलेला माणूस दर वाक्याला निर्माण करायचा, त्याला चेहरा द्यायचा, ह्याची ताकदच राहिली नव्हती. 'योजना राबवण्यात येईल' असं आलं की ती दाखवायची: योजना, होईल. कोण करणार, सांगितलं नाही. 'विचार सुरू आहे' आलं की: विचार. कोण करतंय, सांगितलं नाही. केव्हापर्यंत, सांगितलं नाही. सगळं तंतोतंत खरं होतं. पण एका भाषणात 'सांगितलं नाही' ही खूण इतक्या वेळा यायची की जुन्या शाळेतली मुलं म्हणे बघून हसत आणि एकमेकांना करून दाखवत.

बाकीच्यांना मात्र हसू आलं नाही. बहिऱ्यांच्या संस्थेतल्या एका ज्येष्ठ बाईंनी तिला बाजारात गाठलं. "तू पूर्वी छान सांगायचीस," त्या म्हणाल्या. "आता बघून घाबरायला होतं. सरकारात कुणीच नाही असं वाटतं." ताईने पिशवी खाली ठेवून, हात मोकळे करून त्यांना समजावायचा प्रयत्न केला. त्यांना पटलं नाही. घरात एकट्या राहणाऱ्या बाई त्या, आठवड्यातून एकदा कुणीतरी प्रेमाने बोलायचं, तेही बंद झालं होतं.

थोड्या दिवसांनी प्रसिद्धी अधिकाऱ्याने तिला बोलावलं. तक्रारी आल्या होत्या. चेहऱ्यावर पूर्वीसारखा जिव्हाळा दिसत नाही, असं वरून आलं होतं. "तुम्ही खूप वर्षं केलंत," तो म्हणाला. "आता थोडी विश्रांती घ्या. तुमच्या अनुभवाचा अन्यत्र उपयोग करून घेण्यात येईल." वाक्य संपताच तो स्वतःच थांबला आणि टेबलावरची पेन्सिल सरळ करत बसला. तिने त्याला काही विचारलं नाही. त्याचीही कीव आली तिला.

तिच्या जागी एक तरुण मुलगी आली. चांगली होती, मनापासून करायची. तिचे हात पाण्यासारखे वाहायचे आणि साहेब कळवळले की तिचे डोळे खरोखर भरून यायचे. संस्थेतल्या बाईंना ती फार आवडली.

अन्यत्र उपयोग झाला नाही. ताई पुन्हा शाळेत जाऊ लागली, अर्धा दिवस. संध्याकाळी कुणी बहिरा कागद घेऊन घरी यायचा, हे काय लिहिलंय सांग म्हणायचा. ती वाचून जेवढं असेल तेवढंच सांगायची. बऱ्याचदा फारच थोडं निघायचं. लोक अविश्वासाने तिच्याकडे बघत, कागद उलटा करून मागेही बघत. काही जण पुन्हा आले नाहीत. लांबलचक कागद, शिक्का, सही, आणि ही म्हणते यात काही नाही.

धाकट्याला गावाबाहेर पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं, ते मुकादमाच्या ओळखीने. लांबची बस, उभ्याने काम. प्रशिक्षण केंद्रात त्याने नाव दिलं होतं, तिकडून कुणी बोलावलं नाही. घरी आला की हात-पाय धुऊन जेवायचा आणि टीव्ही न लावता बसून राहायचा. पूर्वी रात्रीच्या जेवणानंतर दोघं कितीतरी वेळ बोलत बसत. आई एकटीच हसायची, म्हणायची, "काय आरडाओरडा चाललाय तुमचा." आता स्वयंपाकघरात भांड्यांचा तेवढा आवाज.

एकदा तिने त्याच्यासमोर बसून विचारलंच. "अजून रागावला आहेस माझ्यावर?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. बोलण्यासाठी हात उचलले आणि मधेच मांडीवर ठेवले. मग एका हाताने दुसऱ्याकडे बोट दाखवून, सावकाश, तो म्हणाला, "दुखतात."

हात खरंच सुजले होते. पुठ्ठा दुमडून दुमडून बोटांची पेरं लाल झाली होती. पण बोलायचं नसलं की त्यांच्यात सगळेच असं सांगतात, हेही तिला ठाऊक होतं. दोन्हीतलं कोणतं, ते तिने विचारलं नाही. ती उठली आणि तिने त्याच्यासाठी पाणी तापत ठेवलं.