जे उरलं होतं, त्याचा अर्ज

आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली. अमरावतीला कॉलेजात होते तेव्हापासूनच गावातले अर्ज माझ्याकडे येऊ लागले. ती वर्षं वाईट होती. कधी कपाशीवर बोंडअळी, कधी गारपीट, कधी संत्र्याची फळगळ, आणि दरवेळी मदतीसाठी अर्ज. निम्मं पीक गेलेलं असलं तरी 'संपूर्ण नुकसान झाले आहे' असं लिहायचं, हे मी लवकरच शिकले. निम्मं लिहिलं की तो कागद खालीच राहायचा. अर्ज लिहावा तर हिनेच, असं लोक म्हणायचे आणि मलाही ते खरं वाटायचं.

याच सवयीपायी ताईचं औषध माझ्या हातून जवळजवळ गेलं होतं.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिला जन्मापासूनचा मज्जातंतूंचा आजार आहे. पाठीच्या कण्यातल्या पेशी मरत जातात आणि स्नायू वाळतात. शाळेत असताना ती चालायची, विशीत चाकाच्या खुर्चीवर आली. आई गेल्यावर तिने त्या खुर्चीवरूनच घर चालवलं, आणि मला दहावीपर्यंत गणितही तिनेच शिकवलं. पाय गेल्याचं दुःख तिने कधीच सोडून दिलं होतं. भीती होती ती उजव्या हाताची. जेवण, लिहिणं, फोन, सगळं त्या एका हातावर होतं, आणि दर हिवाळ्यात तो आणखी जड व्हायचा.

मला अकोल्यात नोकरी लागली आणि मी तिला तिथल्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. या आजारावर तोंडाने घ्यायचं एक औषध तयार झालंय, असं त्यांनी सांगितलं. ते आपल्याकडे विक्रीला नव्हतं. त्याच्या चाचण्यांमध्ये ताईला घेता येत नव्हतं, कारण तिचं वय मर्यादेबाहेर गेलं होतं.

"एक रस्ता आहे," डॉक्टर म्हणाले. "चाचणीत बसत नाहीत अशा काही रुग्णांना कंपनी औषध फुकट देते. विनंती मी करायची, दिल्लीच्या औषध नियंत्रकांकडून तुमच्या नावाने परवानगी आणायची. गुण येईलच असं मी सांगत नाही. उलट त्रासही होऊ शकतो."

ताई म्हणाली, "हात तसाही जाऊनच राहिला ना डॉक्टरसाहेब. करा तुमी."

विनंतीअर्जातला तपासणीचा भाग डॉक्टरांनी भरला. रोजच्या जगण्यात रुग्णाला काय करता येतं, ते एक पान घरच्यांनी लिहायचं होतं. ते काम अर्थात माझं. मी अकोल्यात बसून, ताईला न विचारता, एका बैठकीत लिहिलं, 'रुग्ण पूर्णपणे अंथरुणाला खिळलेली असून कोणतीही हालचाल स्वतः करू शकत नाही.' वाचून माझेच डोळे भरून आले. आता कोण नाही म्हणेल, असं वाटलं.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांचा फोन आला. कंपनीने कागद परत पाठवले होते.

"मी लिहिलंय, पेशंट पेला उचलते. तुम्ही लिहिलंय, बोटही हलत नाही. त्यांनी कोणाचं खरं मानायचं?" ते चांगलेच चिडले होते. "हे नुकसानभरपाईचं वाटप नाही, बाई. हे औषध गेलेलं परत आणत नाही, उरलेलं वाचवतं. काहीच उरलं नसेल तर ते कशासाठी द्यायचं?"

दुरुस्तीला एकच संधी होती, आठ दिवसांची. मी रजा टाकून चांदूर बाजारची गाडी धरली आणि तिथून गावी गेले. ताईपुढे ते पान ठेवलं. तिने शांतपणे वाचलं.

"मले तं वाटलं माही तेरवीच उरकली तुनं," ती म्हणाली. "काहून असं लिहिलं?"

"दया येईल म्हणून."

"दया घेऊन काय करू मी? औषध पाह्यजे मले. कागद आन. आता मी सांगतो अन् तू लिही."

दिवसभर मी तिच्या मागे वही घेऊन फिरले. दोन्ही हात लावून पेला तोंडापर्यंत जातो, भरलेला नाही, अर्धा. लसूण सोलता येतो. डाळ निवडता येते, मग बोटं आखडतात. पेन सहा-सात ओळी धरता येतो. टेबलावरून एकटा उजवा हात खांद्यापर्यंत जात नाही, छातीशी थांबतो. जिथे मी थोडं जास्त लिहायचे तिथे ती खोडायला लावायची, आणि कमी लिहिलं तरी खोडायला लावायची.

बाबा दारात बसून ऐकत होते. म्हणाले, "अन् दिवसभर आमचं डोकं खाते, थे बी लिही."

"थे तुमचं तुमी येगळं कळवा," ताई म्हणाली.

शेवटी चार पानं झाली. इतका खरा अर्ज मी त्याआधी लिहिलाच नव्हता. या वेळी डॉक्टरांनी तो माझ्यासमोर पूर्ण वाचला आणि म्हणाले, "आता माणूस दिसतंय." मंजुरी आली, मग दिल्लीची परवानगी आली, आणि ऐन मे महिन्यात बर्फाच्या डब्यातून औषध अकोल्यात पोचलं. चुलतभावाने गाडी काढली. एवढ्या उन्हात तो डबा मी मांडीवर धरून गावी आणला.

पहिले सहा महिने काहीच घडलं नाही. डॉक्टर म्हणाले, तेच तर हवंय. त्या हिवाळ्यात हात जड झाला नाही. पुढच्या वर्षी तपासणीच्या वेळी फिजिओथेरपीच्या बाईंनी हात उचलायला सांगितला, आणि तो छाती ओलांडून खांद्याला लागला. बाईंनी पुन्हा उचलायला लावला, मग पुन्हा.

"आता तिकीट लावू काय?" ताईने विचारलं. डॉक्टर मोठ्याने हसले. त्यांना इतकं हसताना मी प्रथमच पाहिलं. त्यांचे उपकार आम्ही कशाने फेडणार?

ताई आजही चालत नाही. ते औषध तिला पायावर उभं करणार नव्हतं आणि आम्हीही ते मागितलं नव्हतं.

त्या दिवशी अकोल्याहून परतताना परतवाड्याच्या अलीकडे रस्त्याकडेला संत्र्याची गाडी उभी होती. ताईने चुलतभावाला थांबायला सांगितलं, काच स्वतः खाली केली आणि हात बाहेर काढून विक्रेत्याला बोलावलं. तो चार संत्री पिशवीत घालून आला आणि गाडीत घडी घातलेली चाकाची खुर्ची दिसली म्हणून पिशवी माझ्याकडे द्यायला वाकला. ताईने ती मधेच घेतली.