अकोल्याच्या लॅबमधलं लॉगिन

धर्मपाल नेमकं काय करतो हे त्याच्या सासुरवाडीला बावीस वर्षांत कळलं नाही. जावई कॉम्प्युटर दुरुस्त करतो, एवढंच ते गावभर सांगत. अमरावतीच्या एका हॉस्पिटल ट्रस्टमध्ये तो नोकरीला. ट्रस्टचे दवाखाने अमरावती, अकोला, मूर्तिजापूर आणि दर्यापूरला. या चार ठिकाणी जी जी माणसं कॉम्प्युटरसमोर बसतात, त्यांची नावं, त्यांचे पासवर्ड आणि कोणाला काय उघडायची मुभा, ही सगळी यादी अमरावतीच्या एका सर्व्हरवर असते आणि ती धर्मपालच्या ताब्यात. नवी नर्स आली, नाव घाल. कोणी सोडून गेलं, नाव बंद कर. कोणी पासवर्ड विसरलं, नवा दे; आणि विसरणाऱ्यांचा तर सुकाळच. सगळं सुरळीत असलं की धर्मपाल नावाचा माणूस आहे याची कोणाला आठवण नसे. बिघडलं की तो एकटाच आठवायचा.

माणूस मनाने चांगला, यात वाद नाही. शिव्या खाऊनही फोनवर आवाज चढवायचा नाही. पण या चांगुलपणाला थोडा आळसही चिकटलेला होता, आणि सगळं घडलं ते त्या आळसापायी.

श्रावणात अकोल्याच्या दवाखान्यात इंटरनेटवाल्याने राउटरचा नवा डबा बसवला. दुसऱ्याच सकाळी तिथल्या लॅबमधून पौर्णिमाचा फोन आला. पौर्णिमा ही तिथली टेक्निशियन. बोलायला रोखठोक, कामाला पक्की.

"सर, पासवर्ड टाकून नऊ मिनिटं झाले. नुसती चकरी फिरून राह्यली. इकडे पेशंटची लाइन दारापर्यंत गेली, मी का करू?"

धर्मपालने अमरावतीत बसून जे पाहता येईल ते पाहिलं. सर्व्हर ठीक होता, पौर्णिमाचं खातं ठीक होतं. दोष तिथल्या मशीनमध्ये आहे हे त्याला कळलं. त्यासाठी अकोल्याला जायला हवं होतं. एक दिवसाचं काम. पण तेव्हा दर्यापूरला नवा विभाग सुरू होत होता आणि त्याने वेळ मारून नेली.

"पौर्णिमाताई, असं करा," तो म्हणाला. "सकाळी तुमच्यापैकी जो पहिले येईल त्यानं लॉगिन करायचं आन् संध्याकाळपर्यंत मशीन तसंच उघडं ठेवायचं. सगळ्यांनी त्याच्यावरच काम करा. आठ दिवस. मी येतोच."

पाच मिनिटं हात लागला नाही की मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा पासवर्ड मागायचं. लॅबपुरता तो नियमही त्याने अमरावतीहूनच काढून टाकला. त्या दिवसापासून अकोल्याची लॅब एका नावावर चालू लागली. सकाळी सर्वांत आधी पौर्णिमाच यायची, म्हणून ते नाव बहुतेक तिचंच असायचं. तिने पुढे दर पंधरा दिवसांनी फोन केला. दर वेळी तो म्हणाला, येतोच. दिवाळी गेली, संक्रांत गेली.

माघात एका दुपारी हलीमाबी नावाच्या साठीतल्या बाईच्या साखरेचा रिपोर्ट चुकला. दुसऱ्याच कोणाचा चारशे दहाचा आकडा तिच्या नावापुढे चढला. वॉर्डात त्यावर विश्वास ठेवून इन्सुलिन दिलं गेलं. मुळात साखर नव्वदच्या घरात. बाई बेशुद्ध पडली आणि तीन दिवस अतिदक्षतेत होती. वाचली, हे तिचं नशीब. तिचा मुलगा शाकीब कोणावर ओरडला नाही. रिपोर्ट कोणी लिहिला, एवढंच विचारत तो तीन दिवस ऑफिसच्या दारात बसून राहिला.

रिपोर्टवर नाव होतं पौर्णिमाचं. वेळ बारा चाळीसची. पौर्णिमा सांगत होती, त्या वेळी मी वरच्या मजल्यावर रक्ताचे नमुने घेत होते. तिचं ऐकतो कोण?

अमरावतीत कुलदीपसाहेबांनी धर्मपालला बोलावलं. ट्रस्टचा कारभार त्यांच्याकडे. "उद्या अकोल्याला जाऊन ते मशीन बघा. लॉगिन कोणाचं होतं ते सर्व्हरवरून काढा आणि एका ओळीत लिहून पाठवा. तिला काढतोय आपण, पुढे कोर्टकचेरी नको. बाकी पुराण लिहू नका."

धर्मपाल "हो" म्हणाला, आणि बाहेर आल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली. ती एक ओळ खरी होती. लॉगिन सकाळी आठ बावन्नला पौर्णिमाचंच झालेलं, संध्याकाळपर्यंत उघडं. पण ते उघडं ठेवायला सांगितलं कोणी, हे त्या ओळीत येत नव्हतं.

अकोल्याच्या लॅबमध्ये तो पोचला तेव्हा तिथले तिघेही टेक्निशियन हजर होते. पौर्णिमा, वयाने मोठा बशीर, आणि अमोल. बशीरने खुर्ची पुढे सरकवली. अमोल सुया मोजत होता आणि मोजून झाल्या तरी मोजत राहिला. धर्मपालने काय ते ओळखलं. पण ओळखणं म्हणजे पुरावा नव्हे, आणि एका नावाखाली तिघांचे हात चालत असतील तर सर्व्हरला हात दिसत नाहीत.

तो मशीनसमोर बसला. दोष दहा मिनिटांत सापडला. पासवर्ड टाकला की मशीन आधी अमरावतीच्या सर्व्हरचा पत्ता विचारायचं, आणि विचारायचं ते इंटरनेटवाल्याच्या नव्या डब्याला. डब्याला तो पत्ता ठाऊकच नव्हता. मशीन विचारत राही, थकून जाई, आणि मग कसंबसं दुसऱ्या वाटेने सर्व्हर गाठून माणसाला आत घेई. पत्ता कोणाला विचारायचा, तो एक आकडा बदलायचा होता. त्याने लॅबच्या चारही मशीनवर बदलला.

"ताई, टाका पासवर्ड."

पौर्णिमाने टाकला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची तिला सवय लागलेली. बारा-चौदा सेकंदांत मशीन उघडलं.

"इतलंच होतं?" तिने विचारलं.

बशीर हळूच म्हणाला, "या अल्ला."

धर्मपालने तिथेच पत्र लिहायला घेतलं. कुलदीपसाहेबांना हवी होती ती ओळ आधी लिहिली. मग थांबला. वय एकावन्न, मुलगी आरती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. या वयात दुसरी नोकरी कोण देणार? भीती खरी होती आणि त्याने ती स्वतःपासून लपवली नाही. तरी तो पुढे लिहीत गेला. सर्वांनी एकाच लॉगिनवर काम करावं असं मी फोनवर सांगितलं. आपोआप बंद होण्याचा नियम मी काढला. तारीख सर्व्हरवर आहे. दुरुस्तीला सहा महिने मी आलो नाही. त्यामुळे त्या दिवशी त्या नावाखाली कोणी टंकलं हे सर्व्हरवरून सांगता येत नाही, आणि ते पौर्णिमाने केलं असं मी म्हणणार नाही. खाली नाव घातलं आणि पाठवून दिलं.

अर्ध्या तासाने उत्तर आलं. "पत्र मिळाले. आपल्याबद्दल स्वतंत्र विचार होईल. पौर्णिमा यांचे खाते आज बंद करावे. त्यांना पत्र दिले जात आहे."

त्याचा चेहरा उतरलेला पाहून पौर्णिमा जवळ आली. "का म्हनते साहेब?"

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. तिने सगळं वाचलं, त्याचं पत्रही. वाचताना ती ओढणीचं टोक घट्ट धरून होती.

"मी नाही करत बंद," धर्मपाल म्हणाला. "कळवतो त्यांना. मले काढलं तरी चालते."

"तुमी नाही केलं त दुसरा कोनी करीन," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर त्याला सोपं गेलं असतं. "पत्र चांगलं लिहिलं तुमी, सर. माह्यासाठी इतलं कोनी नसतं लिहिलं. पन मी बारा वेळा फोन केला तुमाले. एक डाव आले असते त हे लिहायचंच काम नसतं पडलं. ते म्हातारी मरता मरता वाचली."

अमोल मोजलेल्या सुया तशाच टाकून बाहेर निघून गेला. त्याला कोणी हाक मारली नाही. बाहेर पेशंटची रांग होती. पौर्णिमाने डोळे पुसले आणि पुढचं नाव पुकारलं.

धर्मपालने "बंद करणार नाही" एवढंच उत्तर टंकलं आणि पाठवलं. मग परतीची गाडी किती वाजता आहे हे त्याला बशीरला विचारायचं होतं, पण त्या लॅबमध्ये कोणालाही काही विचारायची त्याची हिंमत झाली नाही.