दहा बोटं

मांजर्लीच्या महेंद्रच्या डाव्या हाताचं एक बोट चार महिन्यांपासून दुमडलं की अडकून बसायचं. दुसऱ्या हाताने ओढलं तरच सरळ व्हायचं. गिटार वाजवणाऱ्याला याहून वाईट दुखणं नाही. हे फक्त त्याच्या बायकोला, मालिनीला, ठाऊक होतं. तिने डॉक्टरकडे चला म्हणून सांगून पाहिलं. कार्यक्रम होऊ दे, मग बघू, असं म्हणत त्याने टाळलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कार्यक्रम होता ‘थर्ड शिफ्ट’च्या चाळीस वर्षांचा. अंबरनाथ एमआयडीसीतल्या, पत्रे दाबून सुटे भाग काढणाऱ्या प्रेस शॉपच्या चार कामगारांनी इंग्रजी गाण्यांचा हा रॉक बँड काढला, तेव्हा घरच्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. त्यातले आता दोघंच उरले होते, महेंद्र आणि ड्रमवरचा कैलास. बाकी दोन जागी नवे आले होते. अलीकडे कैलासने एक हट्ट धरला होता, महेंद्रने ड्रमशेजारीच उभं राहायचं. म्हाताऱ्याची लहर, म्हणून महेंद्रने ऐकलं.

प्रेसच्या धडधडाटात बोलणं अशक्य, म्हणून कारखान्यात सगळा कारभार खुणांनी चाले. वर केलेली मूठ म्हणजे मशीन थांबव. पुन्हा सुरू करायचं, तर मूठ दाखवणाऱ्यानेच दोन्ही पंजे उघडून दाखवायचे. दहा बोटं मोजल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. याच खुणा बँडमध्ये आल्या आणि रिटायर झाल्यावरही सुटल्या नाहीत.

रविवारी संध्याकाळी बदलापूर गावातला हॉल भरला. शेवटच्या गाण्यात महेंद्रचा लांबलचक सोलो होता आणि जुने लोक त्यासाठीच आले होते. सोलो अर्ध्यावर पोचला आणि बोट अडकलं. झटकलं तर सुटेल म्हणून त्याने मूठ वळून हात वर झटकला, आणि तिथेच घात झाला.

कैलास जागच्या जागी थांबला. नवे दोघंही गोंधळून थांबले. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं, तेही ऐकू आलं. महेंद्रने मानेने ‘चल’ म्हणून खुणावलं. कैलास हलला नाही. नियम म्हणजे नियम. महेंद्रने बोट ओढून पाहिलं, पण घामाने ते निसटत होतं. शेवटी नाइलाजाने त्याने दोन्ही पंजे वर केले. कैलासने मोजली. नऊ.

तो गुडघे सावरत उठला आणि त्याने सगळ्यांदेखत ते बोट धरून हळूच सरळ केलं. महेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“माझं संपलं रे. दुसरा कोणी बघ,” तो म्हणाला.

कैलास त्याच्या ओठांकडे बघत होता. “दुसरा कसा चालेल? दीड वर्ष झालं, मला काय पण ऐकू येत नाय, मह्या. तुझी बोटं बघून वाजवतो मी.”

चाळीस वर्षांच्या दोस्ताने हे लपवलं म्हणून महेंद्रला राग आला. मग स्वतःचीच लाज वाटली. कैलास परत जाऊन बसला, काठ्या उचलून वाट बघू लागला. महेंद्रने दहा बोटं दाखवली. उरलेला सोलो त्याने ते बोट न दुमडता, सावकाश वाजवला, आणि कैलासला नीट दिसावं म्हणून भरल्या हॉलकडे पाठ करून उभा राहिला.