सात सेकंदांची जोशी

घरचं म्हणावं असं माणूस फोनवर तुमचं खरं नाव घेतंय, आणि तुम्ही त्याला सांगताय, "तुमची काहीतरी गल्लत होतेय" — असं कधी केलंय तुम्ही?

मी केलंय. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाबांना तर नाहीच. ते ठाऊक असलेला एकच माणूस आहे, आणि तो गप्प राहिला. त्याच्या गप्प राहण्यानं मी सुटले असं तेव्हा वाटलं होतं. सुटले? दार बाहेरून लागलं, एवढंच.

जरा मागून सांगते. एकदम सांगायचं धैर्य होत नाही — हेही कबूल.

नागपूरच्या आमच्या घरात खुर्च्या कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. बाबा शाळामास्तर, सुट्टीच्या दिवशी एका स्नेह्याच्या ट्रेडल मशीनवर, पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर, पत्रकं छापायचे. नळासाठी, रस्त्यासाठी, शिष्यवृत्तीसाठी. मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठींवर. बाबांचा एक नियम होता: पत्रकाच्या तळाशी पूर्ण नाव आणि पत्ता. "तळाला नाव नसलेलं पत्रक म्हणजे चहाडी," ते म्हणायचे. हे वाक्य कॉलेजात मी किती जणांच्या तोंडावर फेकलं असेल! तेव्हा मला वाटायचं, भित्री माणसं वेगळ्याच मातीची असतात.

ऐंशीच्या या दशकाच्या सुरुवातीला मी न्यू जर्सीत शिकायला आले. विमानतळावर गजभिये काका घ्यायला आले होते. बाबांचे जुने सोबती. पार्सिपनीजवळ एका लॅबमध्ये टेक्निशियन. पहिले दोन महिने त्यांच्याच घरी राहिले. काकूंनी स्वतःचा कोट माझ्या अंगावर चढवला आणि म्हणाल्या, "मला असाही घट्ट होतो." होत नव्हता. हा कोट मी पुढे चार हिवाळे वापरला. त्या दिवशीही तो माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता.

कॉलेजच्या गावात एक छोटं रॉक स्टेशन होतं — टायरच्या दुकानाच्या वर, तीन खोल्या, आवाज घुमू नये म्हणून स्टुडिओच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. तिथे रेकॉर्डी काढून द्यायचं, परत लावून ठेवायचं काम मी धरलं. ते संगीत आधी नुसता गोंगाट वाटलं. मग कळलं, ही पत्रकंच आहेत, फक्त गिटारवर छापलेली. मी वेडी झाले त्यापायी.

तिथली एक रीत सांगायला हवी. रेडिओवर कुणी खऱ्या नावानं बोलत नसे. "जॅक स्टोन" हा आमचा सकाळचा निवेदक माझ्यादेखत तीनदा बदलला. माणूस नोकरी सोडून जाई, नाव स्टेशनकडे राही. नवा येई, तोही जॅक स्टोन. श्रोत्यांना पत्ता नसे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. मलाही नाही — मी हसायचे.

मग एका शुक्रवारी मॅनेजर रे यानं सगळ्यांना बोलावून सांगितलं की सोमवारपासून रॉक बंद. फक्त हिट गाणी, तीच तीच, तासातासाला. स्टेशनचं नावसुद्धा बदलणार. मी पेटले. इंग्रजीत पत्रक लिहिलं: हे स्टेशन गिऱ्हाइकाला खूश ठेवायला स्वतःचं नाव टाकून देतंय. तळाशी ठसठशीत लिहिलं — सुजाता खोब्रागडे, आणि खोलीचा पत्ता. खालच्या पार्किंगमध्ये उभी राहून वाटलं. रेनं ते अथपासून इतिपर्यंत वाचलं, "यू कॅन राइट, किड," म्हणाला, आणि आपल्या ऑफिसातल्या बोर्डावर टाचून ठेवलं. मला काढलं नाही.

केवढी शूर वाटले मी मला! पण ते शौर्य कसलं? तिथे खोब्रागडे म्हणजे काय हे कुणाला कळत होतं? त्यांच्यासाठी तो नुसता जीभ वळत नाही असा शब्द. जिथे नावाचा अर्थ कळत नाही तिथे नाव लिहायला काय लागतं?

पुढच्याच महिन्यात रेनं विचारलं, रविवारी सकाळी आठला अर्धा तास गावातल्या लोकांसाठी द्यावा लागतो, लायसन्सची अट आहे. इंडियन फॅमिलीज वाढल्यात, तू करतेस का? मराठीतून करेन, म्हणाले. चालेल, म्हणाला. रेडिओवर नाव काय सांगायचं? तो "खोब्रा — खोब्रा —" करत अडला आणि हसत म्हणाला, "सुजाता के. म्हण ना. शॉर्ट, स्वीट."

नीट ऐका. त्यानं मला वाट दिली होती. खोटं बोलायची काहीच गरज नव्हती.

मी म्हणाले, "नको. जोशी म्हणते."

"जोशी! लाइक जॉश! परफेक्ट."

का? आदल्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला गेले होते. बटाट्याची भाजी वाढता वाढता एका काकूंनी विचारलं, "सुजाता, हो का? आणि पुढे?" मी पुढचं सांगितलं. "अच्छा," त्या म्हणाल्या. "नागपूरचे का?" बस. अपमान नाही, शिवी नाही. फक्त त्यानंतर रांगेतल्या बाकी मुलींना रविवारच्या जेवणाचं बोलावणं झालं आणि मला विचारलं गेलं, इथली थंडी सोसते का. त्या एका "अच्छा"साठी मी बाबांचं नाव उतरवून ठेवलं. रेडिओत सगळेच नाव बदलतात ना — त्या रीतीच्या आड. पण जॅक स्टोनचं खोटं नाव नुसतं नाव होतं. माझं खोटं नाव म्हणजे जात होती.

कार्यक्रम चालला. गाणी, गणपतीच्या आरतीची वेळ, कुणाचा सोफा विकायचा आहे, कुणाला कारपूल हवंय. फोन घ्यायचे. "जोशीबाई, पुण्याच्या का हो तुम्ही?" पिकनिकच्या त्याच काकूंचा फोन आला, त्यांनी माझा आवाज ओळखला नाही. "उच्चार किती स्वच्छ! संस्कार लपत नाहीत हो!" मी आभार मानले. मानलेच.

मग मंडळात जाणं बंद केलं. चेहरा खोब्रागडेचा, आवाज जोशीचा — दोन्ही एका खोलीत कसे नेणार? दर रविवारी काचेच्या त्या खोलीत शिरायची, जाड दार ओढून घ्यायची, लाल दिवा लागायचा. आता खरं सांगावं, असं दर वेळी वाटायचं. पण कसं? "नमस्कार, मी जोशी नाही" असं म्हणायचं? आणि मग त्या फोनवाल्यांचं "अच्छा" ऐकायचं?

बाबांना मात्र कळवलं होतं की मी रेडिओवर बोलते. नाव कुठलं ते नव्हतं कळवलं. महिन्याभरानं पाकीट आलं. आत पत्रक. "आपल्या वस्तीची लेक अमेरिकेच्या रेडिओवर ताठ मानेनं, आपल्या नावानं बोलते." खाली बाबांचं पूर्ण नाव, पत्ता. त्या मशीनवरून उभ्या आयुष्यात एकच खोटं वाक्य निघालं, आणि ते माझं होतं. सोबतच्या चिठ्ठीत होतं: एक कॅसेट पाठव, वस्तीत ऐकवतो. मी लिहिलं, इथे रेकॉर्ड करायची परवानगी नसते.

आता त्या रविवारकडे येते. येतेच.

एप्रिल होता. तुम्हाला माहीत नसेल, पण फोनवर बोललेलं रेडिओवर लगेच जात नाही. सात सेकंदांनी जातं. कुणी अचकटविचकट बोललं तर मधल्या वेळात एक बटण दाबायचं, तेवढं पुसलं जातं. मला ते बटण कधी लागलं नव्हतं. फोन वाजला, उचलला.

"हॅलो, जय भीम! खोब्रागडे गुरुजींची सुजाता ना तू? आवाज ओळखला मी, बेटा!"

गजभिये काका. त्यांच्यामागे त्यांचा रेडिओ चालू होता. त्यांना आपला "जय भीम" त्यातून ऐकायचा होता. माझ्याकडे सात सेकंद होते.

मी बटण दाबलं.

शिव्यांसाठीचं बटण. मी ते "जय भीम"वर दाबलं. माझ्या बापाच्या नावावर दाबलं. आणि गाणं सोडलं.

फोन अजून चालूच होता, फक्त आता रेडिओवर जात नव्हता. काका म्हणाले, "अवं, माझा आवाज काहून येऊन नाही राहिला रेडिओत?"

"लाइन खराब आहे," मी म्हणाले. आणि मग — इथेच थांबले असते तरी चाललं असतं, पण नाही थांबले — "आणि तुमची काहीतरी गल्लत होतेय. मी जोशी."

 मागे त्यांच्या रेडिओतून मी लावलेलं गाणं ऐकू येत होतं. खुर्चीच्या पाठीवर काकूंचा कोट होता.

मग ते म्हणाले, "बरं, जोशीबाई. पुढच्या रविवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये जयंती आहे, दुपारी दोनला. हॉल घेऊन बसलो आहे. तेवढं सांगाल का लोकांना?"

सांगाल का. मला पोरीसारखं ठेवून घेतलेला माणूस मला अहो-जाहो करत होता. टोमणा नव्हता तो. मी मागितलेलं नाव त्यांनी मला देऊन टाकलं होतं.

"सांगते," म्हणाले. आणि सांगितलं नाही.

का नाही? याचं उत्तर मी अजून गिळते आहे. खरी जोशी असती तर तिनं बिनधास्त वाचली असती ती सूचना. तिला काय भीती? घाबरली ती खोटी जोशी. 'जयंती' हा एक शब्द तोंडातून गेला तर माझा आवाज मला उघडा पाडेल, असं वाटलं. मी दुसऱ्या जातीचं नाव घेतलं आणि त्यात भित्रेपणा तेवढा माझ्या पदरचा घातला.

जयंतीला मी गेले नाही. बाबांचं पत्र आलं: "गजभियेनं लिहिलं, सात माणसं आली. रेडिओवर सांगितलं होतं म्हणे, तरी सातच. तू होतीस ना?" म्हणजे काकांनी बाबांना माझं काही सांगितलं नव्हतं. उलट मी दिलेलं वचन मी पाळलं, असंच लिहिलं होतं. मी बाबांना उत्तर लिहिलं: हो, होते. सात होतो.

उन्हाळ्यात स्टेशन पुन्हा बदललं. आता दातांच्या दवाखान्यात वाजतात तशी मऊ गाणी. माझा अर्धा तास गेला. पुढच्या वर्षी सगळं सॅटेलाइटवरून यायला लागलं. जॅक स्टोनही आता कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातून बोलतो. मागच्या महिन्यात रे ऑफिस रिकामं करत होता. बोर्डावरचं पिवळं पडलेलं पत्रक काढून त्यानं माझ्या हातात दिलं. "तुझं आहे," म्हणाला. स्वतःचं नाव टाकून देणाऱ्या स्टेशनला मी त्यात काय काय म्हटलंय, ते पार्किंगमध्ये उभी राहून वाचलं. तळाशी माझं नाव होतं.

म्हणून हे पत्रक लिहिलं, तो कार्यक्रम ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी. पहिली प्रत मी स्वतः गजभिये काकांच्या हातात देणार आहे, दुसरी नागपूरला टाकणार आहे. बाबा ती वस्तीत वाचून दाखवतील की चुलीत घालतील, ते त्यांनी ठरवावं. मला समजून घ्या असं म्हणत नाही. समजून घेण्यासारखं त्यात फारसं नाही.

फक्त एक करा. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो कार्यक्रम घरी टेप करून घेतला होता, मला माहीत आहे. तशी पत्रं यायची. ती कॅसेट कुठल्यातरी ड्रॉवरमध्ये असेल. काढा. लेबलवर "सुजाता जोशी" लिहिलं असेल. त्यातलं जोशी खोडा, आणि बाजूला लिहा — खोब्रागडे. पेन घ्या. आत्ताच.

— सुजाता खोब्रागडे
खोब्रागडे गुरुजींची मुलगी, नागपूर