काचेवरचं नवं कुंकू

परवा नातवाच्या कम्प्युटरमधल्या सगळ्या सेटिंगा कशानं तरी उडाल्या. पोरगं डोक्याला हात लावून बसलं आणि वर मलाच म्हणतं, "आजी, तुला नाही कळायचं हे." मला नाही कळायचं? अरे, आमच्या घरातल्या सेटिंगा पुसल्या गेल्या तेव्हा तुझा बापही जन्मला नव्हता.

सत्तर सालानंतरचे दिवस, कामरगावात वीज येऊन थोडीच वर्षं झालेली. आमच्याकडे लाकडी पेटीचा रेडिओ होता. त्याच्या काचेवर सगळं लिहिलेलं इंग्रजीत, आणि घरात इंग्रजी वाचणारं कोणी नाही. म्हणून बाबांनी तेलात कुंकू कालवून काचेवर ठिपके दिले होते. एक ठिपका गाण्यांचा, एक मुंबईचा, एक नागपूरचा. काटा ठिपक्याखाली आणला की झालं. आईला रेडिओ लावता यायचा तो त्या ठिपक्यांच्या जिवावर, मलाही तसाच. त्यामुळे काचेला फडकं लावायची कोणाची हिंमत नव्हती.

त्या वर्षी पेरण्या आटोपल्यावर नागपूरच्या रेडिओची माणसं कारंज्याला आली होती. शेतकऱ्यांना बोलतं करायचं आणि टेपवर घ्यायचं, असं त्यांचं काम. कपाशीत तुरीच्या ओळी कशा टाकायच्या, त्यावर बाबा बोलून आले. आवाज तेव्हाच थोडा बसलेला होता. आम्हाला वाटलं, खोकला असेल. पोळ्याच्या आतच नागपुरात गळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढून टाकली. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून हाक मारली तर नाल्यापलीकडचा माणूस ओ द्यायचा, असा आमचा बाप. तो घरी आला आणि आम्हाला टाळी वाजवून बोलवायला लागला.

मग निरोप आला की बाबांचं बोलणं दसऱ्याच्या संध्याकाळी रेडिओवर लागणार. आई चुलीपाशी हळूच मला म्हणाली, "एक डाव आयकाचा हाय वं मले त्याईचा आवाज. मंग पुन्ना नाई आयकला तरी चालते."

दसऱ्याला आमच्याकडे अवजारांची पूजा. विळे, कुऱ्हाड, डवरा, सगळं धुऊन पुसून भिंतीशी मांडायचं आणि हळदकुंकू लावायचं. रेडिओचाही मान त्यातच, घरातलं तेवढंच एक यंत्र. संध्याकाळी सोनं द्यायला आलेली माणसं बाबांचं बोलणं ऐकायला ओसरीत बसूनच राहिली. आई रेडिओ लावायला वाकली आणि जागच्या जागी थिजली. काच लख्ख. तेलाचा डागसुद्धा नाही. जुने ठिपके गेले होते आणि बरोबर मधोमध हळदकुंकवाची नवी बोटं उठवलेली होती.

"कोनं पुसलं हे?" आईनं ओरडून विचारलं. उत्तराची वाट न पाहता तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. त्या धपाट्याचा मला अजून राग आहे. मी सकाळपासून पुरण वाटत बसले होते, रेडिओकडे फिरकलेही नव्हते.

तरी बटण फिरवायला मीच बसले. काटा केसभर सरकला की भलतंच काही लागायचं. आधी खरखर, मग शिट्टी, मग कुठल्या तरी परक्या भाषेतल्या बातम्या. एक जण म्हणे मागं घे, दुसरा म्हणे पुढं ने. सनई लागली तेव्हा आई म्हणाली, "थांब, हेच नागपूर," पण तेही दुसरंच निघालं. गावातला दुसरा रेडिओ ग्रामपंचायतीचा, त्याला सुट्टीचं कुलूप. वेळ झाली होती. मी रडायच्या बेतात आले.

आणि एकाएकी माझ्या डोक्यात आलं की पूजा तर बाबा करतात. दरवर्षी तेच करतात, आणि दरवर्षी काच वगळून पेटी पुसतात, कुंकू लाकडाला लावतात. आईलाही तेव्हाच कळलं असावं, कारण ती मागे वळली. बाबा गळ्याला रुमाल बांधून खाटेवर बसले होते. एवढा वेळ आमची तारांबळ पाहत होते आणि एकदाही त्यांनी हातानं खूण केली नव्हती. आपला बाप असं करू शकतो, हे मला खरंच वाटेना.

"तुमी पुसलं," आई म्हणाली.

त्यांनी मान हलवली. हो.

"काहून?"

त्यांनी गळ्यावर हात ठेवला आणि तोच हात नको म्हणून हलवला.

चारचौघांत आई त्यांच्यापुढे कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "तुमाले नसंन आयकाचं त बाहीर जाऊन बसा. मले आयकाचं हाय. तुमचा आवाज काढून घेतला तवा मले कोनी इचारलं होतं का?"

कोणाला कुठं पाहावं कळेना. बाबा उठले. आम्हाला वाटलं, चालले बाहेर. ते रेडिओपाशी आले, मला खांद्याला धरून बाजूला केलं आणि काचेकडे न पाहता एकदाच बटण फिरवलं.

"...तुरीची ओळ दाट टाकली त कपाशीले उजेड भेटत नाई," बाबा रेडिओतून म्हणाले. मध्येच त्यांचं ते घोगरं हसूही आलं. घरभर त्यांचा आवाज आणि ते स्वतः समोर तोंड मिटून उभे. मला भीतीच वाटली. आई मटकन खाली बसली आणि तिनं पदर तोंडात धरला. बाबा तिच्याकडे पाहत होते. पाहता पाहता त्यांचे ओठ हलायला लागले, रेडिओतल्या शब्दाशी शब्द जुळवून.

बोलणं थोडंच उरलं होतं. ते संपलं, आभार झाले, कोणी बाई बाजारभाव सांगायला लागली. बाबांचे ओठ थांबले नाहीत. आता ते वेगळंच काही म्हणत होते. आम्हाला कोणालाही ते समजलं नाही. आई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "हो. आयकलं म्या."