आत्याला रोम बसून बघायचं होतं

माझ्या आत्यावर अन्याय झाला तो काल दुपारी, रोममध्ये, कलोसियमसमोर. “काकू, तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही बसमध्येच थांबा. ग्रुपला उशीर होतो,” असं टूर लीडरने सुनावलं आणि अख्खा ग्रुप मुकाट त्याच्या झेंड्यामागे धावला. मी भांडले, तर आत्याच म्हणाली, “जा गं तू, मला फोटो दाखव.”

आज पँथिऑन या प्राचीन रोमन देवळात मी तिचा हात सोडलाच नाही. आत बाकं होती. देवाची जागा म्हणून तिने बूट काढून बाकाखाली सारले आणि मान वर केली.

“अगं, छताला केवढं भोक! पाऊस येत असेल की आत.”

“येतो. पाणी जायला फरशीत भोकं ठेवलीत.”

“मग बरंय,” म्हणत ती भिंतीवरून सरकणारा उन्हाचा गोळा बघत बसली. बाहेर लीडर हाका मारत होता. मारू दे! जवळजवळ दोन हजार वर्षं उभं असलेलं दहा मिनिटांत उरका, हे कुणी ठरवलं? धावत पाहिलेलं कलोसियम मला आत्ताच नीट आठवत नाही. इथे मात्र आत्याच्या शेजारी माझाही कालपासून आवळलेला जबडा सैल झाला.

तुम्ही सहल ठरवाल तेव्हा टूरवाल्यांना आधी विचारा, आमची म्हातारी माणसं कुठे बसतील आणि किती वेळ? उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.