वरच्या खिशातली चावी

बोलता बोलता त्यांचा उजवा हात शर्टाच्या वरच्या खिशावर जायचा. दोन बोटांनी खिसा चाचपायचे, आतली वस्तू जागेवर आहे अशी खात्री करायचे आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुढे सुरू करायचे. नव्या माणसाला वाटायचं, सरांच्या छातीत दुखत असावं. तुम्ही त्या काळी चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात आला असतात, तर तुम्हीही त्यांना पाणी विचारलं असतं. त्यावर ते म्हणाले असते, "काई नाई जी. चावी पाहून राह्यलो."

ऐंशीच्या दशकाची ती अखेरची वर्षं. एका खासगी संस्थेचं आमचं डिप्लोमा कॉलेज होतं. मी तिथली ग्रंथपाल, आणि माझ्या वाचनालयाच्या भिंतीला लागून इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा. ती त्यांच्या ताब्यात होती. मूळचे आरमोरीकडचे, धानाची थोडी शेती असलेल्या बौद्ध घरातले. डिप्लोमा झालेले त्यांच्या घरातले ते पहिलेच. ही प्रयोगशाळा त्यांना मिळाली तेव्हा त्यांनी दारं-खिडक्या स्वतः रंगवल्या होत्या. कोळशाची पूड आमच्या शहरात कशावरही बसते, पण त्यांच्या टेबलांवर ती कधी दिसली नाही.

खिशातली चावी कुलपाची नव्हती. कॉलेजनं मुंबईच्या एजंटामार्फत एक परदेशी सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं. कागदावरचं सर्किट त्यात ओळीओळींनी लिहून द्यायचं, की ते प्रत्यक्ष जोडल्यावर काय होईल हे कॉम्प्युटर आधीच सांगायचा. आमच्याकडे सुटे भाग नागपूरहून यायचे. एक ट्रान्झिस्टर जळला की पुढचा कधी येईल याचा भरवसा नसे, त्यामुळे मुलं जोडणी करायलाच घाबरत. सर त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवून म्हणायचे, "इथी जाळा. इथी काई जळत नाई."

या सॉफ्टवेअरच्या फ्लॉप्यांबरोबर काडेपेटीएवढा एक करडा तुकडा आला होता. दोन्ही टोकांना बारीक पिना. तो कॉम्प्युटरच्या मागे खोचला तरच सॉफ्टवेअर चालायचं, नाहीतर इंग्रजीत एक ओळ दाखवून बंद पडायचं. हीच ती चावी. कॉलेजात कॉम्प्युटर दोन होते, चावी एक. परवान्याच्या कागदावर लिहिलं होतं की एका वेळी एकाच मशीनवर एकानंच वापरायचं, आणि चावी ज्याच्या ताब्यात असेल तो जबाबदार. प्राचार्यांनी त्यावर सरांची सही घेतली. ते सगळे कागद वाचणारे कॉलेजात सर एकटेच होते. शब्दकोश घ्यायला ते माझ्याकडे येत, म्हणून मला माहीत.

एकदा मी मुलांना पुस्तकं देत असताना ते टेबलाशी उभे राहून बघत होते. मग म्हणाले, "बाई, तुमचा एक पितळी बिल्ला द्या ना मले."

वाचनालयात पिशव्या ठेवून घेताना आम्ही पितळी बिल्ले देत असू. त्यातला एक त्यांनी माझ्या टेबलामागच्या खिळ्याला अडकवला आणि नियम केला. ज्याला सॉफ्टवेअर वापरायचं त्यानं माझ्याकडून बिल्ला घ्यायचा आणि तो सरांना दाखवायचा. मग सर खिशातून चावी काढून मशीनला लावणार. काम झालं की चावी खिशात, बिल्ला खिळ्याला. बिल्ला जागेवर नसला तर वाचत बसायचं. त्या वर्षांत माझ्या वाचनालयाइतकी वाट बघणारी मुलं बसस्टँडवरही नसतील. काहींना त्यामुळे वाचनाची सवय लागली, हे सरांचे माझ्यावर उपकार.

संस्थेच्या एका संचालकांचे जावई एकदा कॉम्प्युटर बघायला आले. सरांनी त्यांच्याकडे बिल्ला मागितला.

"मला ओळखत नाही का तुम्ही?"

"मी ओळखतो जी," सर नम्रपणे म्हणाले, "मशीन नाई ओळखत."

जावई माझ्याकडे आले, पण बिल्ला एका विद्यार्थिनीकडे होता, म्हणून तिच्यामागे नंबर लावून बसले. शेवटी कंटाळून एक जुनं मासिक वाचत राहिले.

वीज तयार करणाऱ्या आमच्या शहरातही वीज जायची. अंधार झाला की सर आधी चावी काढत. वर्कशॉपचे मारोतीभाऊ त्यांना चिडवत. मारोतीभाऊ म्हणजे निवृत्तीला आलेले, देवभोळे, सगळ्या हत्यारांची नावानिशी काळजी घेणारे गृहस्थ.

"सर, आग लागली तं आधी चावी, मंग पोट्टे?"

"पोट्ट्यायले पाय आहेत, भाऊ. चावीले नाई."

दरवर्षी खंडे नवमीला वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा व्हायची. करवती, पाने, सोल्डरिंगच्या कांड्या, मीटर, सगळं धुऊन-पुसून पाटांवर मांडायचं, झेंडूची फुलं, हळद-कुंकू, नारळ. सर त्या दिवशी लवकर निघत. दुसऱ्या दिवशी दसरा, आणि दसऱ्याला ते आईला घेऊन दीक्षाभूमीवर जात. पूजेला थांबत नसत, पण त्याबद्दल कधी काही बोलतही नसत. जाताना सगळ्यांचा निरोप घेत. इतरांनाही ते ठाऊक होतं. तरी दरवर्षी त्या सकाळी वर्कशॉप आणि प्रयोगशाळा यांच्यामध्ये थोडं अंतर पडल्यासारखं वाटे, आणि ते कुणी मोजत नसे.

एका वर्षी त्या सकाळी मारोतीभाऊ वाचनालयाच्या दारात येऊन उभे राहिले. सर माझ्याकडे बिल्ला ठेवायला आले होते.

"सर, माहं हे शेवटचं वर्ष. तुमी पूजेले नका थांबू. पन तुमचं हत्यार तं द्या. साऱ्यायचं पाटावर आहे, तुमचंच नाई. मले बरं नाई वाटत."

"माहं कोनतं हत्यार, भाऊ?"

"चावीच ना."

सरांचा हात खिशावर गेला. मी बघत होते. ती चावी त्यांनी आजवर प्राचार्यांच्याही हातात दिली नव्हती. पण मारोतीभाऊ नुसती चावी मागत नव्हते, सगळ्यांच्या पाटावर सरांचंही काही असावं एवढंच मागत होते, हे सरांनाही कळलं आणि मलाही. सरांनी ती काढली, रुमालानं पुसली आणि म्हणाले, "सांभाळजा." मग पिशवी उचलून बसस्टँडकडे गेले.

मारोतीभाऊंनी ती सांभाळली. इतर हत्यारांसारखीच पाण्यानं धुतली, पाटावर ठेवली, हळद-कुंकू वाहिलं, नारळाचं पाणी शिंपडलं. पूजा झाली की हत्यार थोडं चालवून बघायची आमच्या वर्कशॉपची रीत. करवतीनं एक लाकूड कापायचं, लेथ एकदा फिरवायचं. तशी मारोतीभाऊंनी चावी प्रयोगशाळेत नेऊन कॉम्प्युटरच्या मागे लावली, आणि कुणीतरी बटण दाबलं.

सॉफ्टवेअरनं ती इंग्रजी ओळ दाखवली आणि बंद पडलं.

दसऱ्यानंतर सर आले तेव्हा चावी त्यांच्या टेबलावर एका कोऱ्या फडक्यावर ठेवलेली होती. शेजारी मारोतीभाऊ उभे.

"देवाचं पानी होतं जी, सर."

"मले माहीत आहे, भाऊ," सर म्हणाले. त्यांनी खुर्ची ओढून मारोतीभाऊंना बसवलं. मग स्वतः चावी घेऊन खिडकीपाशी गेले आणि सुईनं पिनांमधलं कुंकू काढत बसले. कितीतरी दिवस ते तिला उन्हात ठेवत, पुसत, लावून बघत. बिल्ला खिळ्यालाच लटकत होता. मुलं येऊन विचारत, "सर, चालू झालं का?" सर नुसती मान हलवत.

प्राचार्यांनी बोलावलं. मलाही बोलावलं होतं, कारण सॉफ्टवेअरचं जाडजूड पुस्तक वाचनालयाच्या कपाटात होतं.

"चावी कोणाकडे होती?" प्राचार्यांनी विचारलं.

"माझ्याकडे."

"पूजेत कुणी नेली?"

"सही माझी आहे, साहेब."

दारापाशी मारोतीभाऊ काहीतरी बोलायला पुढे झाले होते. सरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते तिथेच थांबले.

मी ते पुस्तक घरी नेऊन वाचून काढलं. खराब झालेली चावी परत पाठवल्यास बदलून मिळू शकते, अशी एक ओळ त्यात सापडली. दुसऱ्या दिवशी सरांना दाखवली तेव्हा ते लहान मुलासारखे हसले. चावी कापसात गुंडाळून आम्ही मुंबईला पाठवली. पुढे कितीतरी आठवडे पोस्टमन आला की सर आपले सहज म्हणून वाचनालयात यायचे, वर्तमानपत्र चाळायचे आणि हात खिशावर नेऊन रिकाम्या खिशाला दोन बोटं लावायचे.

चावी परत आली. तीच. सोबत एजंटाची चिठ्ठी होती: आत पाणी गेलेली चावी बदलून देता येत नाही, सॉफ्टवेअर नव्यानं घ्यावं लागेल. नव्यानं घेण्याचा विषय प्राचार्यांनी काढूही दिला नाही.

मग एक तरुण लेक्चरर नागपूरहून त्याच सॉफ्टवेअरची फोडलेली प्रत घेऊन आले. तिला चावी लागत नव्हती. दोन्ही मशीनवर, हवी तितकी मुलं. प्राचार्यांनी सरांना ती लावायला सांगितली.

सर माझ्याकडे येऊन बसले. 

"बाई, तुमच्या पुस्तकाची कोनी चोरून नक्कल छापली आन् तुमालेच म्हटलं, कपाटात ठेवा, तं?"

मी म्हटलं, "मुलांची परीक्षा आहे, सर."

"थेच तं." त्यांनी कपाळ चोळलं. "पोट्ट्यायचं नुकसान मी नाई करू शकत. आन् सही केली थेही मिटवू नाई शकत."

शेवटी त्यांनी प्रत लावायला नकार दिला, पण कुणाला अडवलंही नाही. लेक्चररांनी ती लावली. त्या दिवसापासून प्रयोगशाळेत मुलांचा गलका असायचा, आणि सर बाहेरच्या बाकावर. एखादा विद्यार्थी सवयीनं माझ्याकडे बिल्ला मागायला यायचा, आणि आता लागत नाही हे आठवून हसत परत जायचा. एकदा आतून कुणीतरी ओरडलं, "सर, सर्किट जळलं, पाहा ना." सर बाकावरून उठले. उंबरठ्यापर्यंत गेले आणि तिथूनच म्हणाले, "जळू दे. रेझिस्टर वाढवून पाहा." आत पाऊल ठेवलं नाही.

वर्ष संपता संपता आदेश आला. संस्थेची अहेरीला एक तांत्रिक शाळा होती. तिथे घरगुती वायरिंग शिकवायला सरांची बदली झाली. मी प्राचार्यांना भेटले. मारोतीभाऊही निवृत्तीआधी भेटले, रडले. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "बाई, प्रयोगशाळेच्या बाहेर बसणारा प्रमुख मी ठेवू कसा?"  

निघताना सर आले आणि खिळ्यावरचा बिल्ला काढून माझ्यापुढे ठेवला. "जमा करून घ्या, बाई. आता पिशव्यायले कामी येईल." मग दाराशी थांबून प्रयोगशाळेच्या खिडकीकडे पाहिलं. तिचा रंग थोडा उडाला होता.

अहेरीहून ते दिवाळीला पत्र पाठवत. तिथल्या मुलांचे हात चांगले आहेत, असं लिहीत. कॉम्प्युटरबद्दल कधी लिहिलं नाही.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. पुण्यानुमोदनाच्या विधीला मी आरमोरीला गेले. धानाची कापणी झालेली, बांधांवर पेंढ्यांचे ढीग. घरात त्यांचा फोटो मांडला होता, अहेरीच्या काळातला, पांढऱ्या शर्टातला. वरचा खिसा जरासा फुगलेला.

त्यांच्या पत्नी माझ्याजवळ बसल्या. माझी नजर कुठे आहे ते त्यांनी पाहिलं असावं. उठून आत गेल्या आणि एका रुमालात गुंडाळून ती चावी घेऊन आल्या.

"हे रोज खिशात ठेवत. मी विचारलं तं म्हनत, चावी आहे. कुलूप तं कुठी दिसलं नाई. कायची आहे, बाई?"

मी सांगायला सुरुवात केली. परवाना, मशीन, एका वेळी एक माणूस. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की ते मशीन कधीच भंगारात गेलं, ते सॉफ्टवेअर आता कुणी ओळखणार नाही, आणि प्रयोगशाळेच्या जागी परीक्षा विभाग आहे. मी थांबले. म्हटलं, "कॉलेजातली आहे."

"मंग थे परत कराले पायजे ना," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याची वस्तू ठेवत नव्हते हे. इसरले असतीन. तुमी घेऊन जा."

कुणाला परत करू, हे मी त्यांना विचारू शकले नाही. चावी हातात घेतली. पिनांमध्ये कुंकवाचा एक कणही नव्हता.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. चावी मी पर्समध्ये आतल्या कप्प्यात ठेवली होती. रस्ता खराब. प्रत्येक धक्क्याला माझा हात पर्सवर जात होता. शेजारच्या बाईंनी शेवटी विचारलं, "पैसे आहेत का जी आत?"

"नाही," मी म्हटलं, "चावी आहे."